मुलांसोबत घरी ताणणारा स्लाइम: गोंद, टाकणखार आणि शेवटची पाच मिनिटं

परीक्षा संपल्या की आठवड्याभरात घरोघरी "स्लाइम करूया ना" सुरू होतं. मुलांनी व्हिडिओ पाहिलेले असतात. त्यात कुणीतरी वाडग्यात दोन गोष्टी ओततं, चार वेळा ढवळतं आणि हातभर लांब ताणला जाणारा चकचकीत गोळा बाहेर काढतं. आपण तेच करायला जावं तर एक तर भांड्याला धरून बसलेला लगदा होतो, नाही तर ओढताच तटकन तुटणारा घट्ट गोळा. माझ्या मते यात साहित्याचा दोष क्वचितच असतो. सगळं ठरतं ते शेवटच्या पाच मिनिटांत: टाकणखाराचं (म्हणजे बोरॅक्सचं) पाणी किती सावकाश घातलं आणि गोळा हातानं किती मळला.

खाली दिलेली पद्धत आपल्याकडे सहज मिळणाऱ्या वस्तूंची आहे. परदेशी कृतींमधलं 'लिक्विड स्टार्च' शोधत बाजारात फिरू नका.

1. आधी वय बघा

टाकणखाराचा स्लाइम मी पाच वर्षांखालच्या मुलांसोबत करत नाही. ज्याचं बोट अजून सारखं तोंडात जातं, त्याच्यासाठी हा खेळ नाहीच. त्या वयासाठी इसबगोलाचा वेगळा प्रकार शेवटाकडे दिला आहे, तो करा.

पाच ते आठ वर्षांच्या मुलांनी गोंद मोजायचा, रंग घालायचा, ढवळायचं आणि मळायचं. टाकणखाराची पूड आणि तिचं पाणी मोठ्यांच्या हातात. आठनंतर मूल समजूतदार असेल तर चमच्यानं पाणी घालायचं कामही देता येतं, पण तुम्ही शेजारी बसूनच. हातावर कापलेलं, खरचटलेलं असेल किंवा इसबासारखा त्वचेचा त्रास असेल, तर त्या मुलाला रंग निवडायचं आणि ढवळायचं काम द्या, मळायचं नको.

एवढी काळजी कशाला, असं घरातलं कुणीतरी म्हणेलच. "अगं, टाकणखाराची लाही आम्ही मधातून बाळांच्या जिभेला लावायचो!" लावायचे हे खरं. पण टाकणखार आणि बोरिक ॲसिड ही बोरॉनची संयुगं पोटात गेल्यास विषारी ठरू शकतात, लहान बाळांना तर फारच. युरोपीय संघाच्या खेळण्यांच्या नियमांत स्लाइमसारख्या चिकट खेळण्यातून सुटणाऱ्या बोरॉनवर किलोमागे 300 मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. म्हणून घाबरून जायचं नाही, पण नियम पाळायचे: खेळताना खाणं नाही, खेळ संपला की साबणानं हात धुणं, आणि रोज तासन् तास स्लाइम हातात नाही.

2. गोंद: इथेच अर्धे लोक चुकतात

लागतो तो पांढरा, दुधासारखा दिसणारा, वाळल्यावर पारदर्शक होणारा गोंद. फेव्हिकॉल एमआर ही शाळेच्या दप्तरातली बाटली चालते. या गोंदात पॉलिव्हिनाइल ॲसिटेट असतं आणि ते पाण्यात नीट मिसळून राहावं म्हणून बहुधा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलही. टाकणखार पकडतो ते या अल्कोहोलला.

हे आणू नका:

- तपकिरी, पातळ डिंक. कागद चिकटवायला उत्तम, स्लाइमला निरुपयोगी.
- गोंदाची कांडी.
- चामडं, रेक्झिन, सनमायका चिकटवायचा उग्र वासाचा पिवळसर गोंद. त्यात रसायनांची वाफ असते, तो मुलांच्या जवळही नको.
- फेव्हिक्विकसारखा झटपट चिकटणारा गोंद. बोटं चिकटतात, डोळ्यात गेला तर थेट दवाखाना.

पारदर्शक गोंदाचं मात्र काही सांगता येत नाही. काचेसारखा स्लाइम मुलांना फार आवडतो, पण दुकानातला प्रत्येक पारदर्शक गोंद या जातीचा नसतो. मोठी बाटली घेण्याआधी छोटी आणा, चमचाभर गोंदात टाकणखाराच्या पाण्याचे आठ-दहा थेंब टाका आणि ढवळा. लगेच दोरे सुटायला लागले तर मोठी आणा.

3. टाकणखार कुठून आणायचा आणि त्याच्या नावावर काय काय मिळतं

व्हिडिओत ज्याला 'बोरॅक्स' म्हणतात तो हाच. सोनार दागिन्याला डाग देताना वापरतात, आयुर्वेदात त्याला टंकण म्हणतात. काष्ठौषधींच्या दुकानात हमखास मिळतो, जुन्या वाणसामानाच्या दुकानातही कधी कधी. पन्नास ग्रॅम आणलात तरी सुट्टीभर पुरून उरेल.

मागताना 'कच्चा टाकणखार' मागा. कारण त्याची लाहीही विकतात. खडे तापवले की त्यातलं पाणी उडून ते फुलतात, तीच लाही. ती हलकी असते, त्यामुळे चमच्याचं माप पार चुकतं. खडे मिळाले तर जाड कागदात गुंडाळून लाटण्यानं नव्हे, दगडानं कुटा. लाटणं पुन्हा पोळपाटावर यायचं असतं.

गर्दीच्या वेळी दुकानदार घाईत तुरटी, पापडखार किंवा धुण्याचा सोडा बांधून देतो, आणि पुडीवर काहीच लिहिलेलं नसतं. चाखून बघू नका. हळदीनं बघा: चिमूटभर हळद पाण्यात कालवा, त्यात या पुडीचं पाणी दोन थेंब टाका. टाकणखार असेल तर पिवळा रंग तांबूस होईल. तुरटी असेल तर पिवळाच राहील. धुण्याचा सोडाही हळदीला तांबडं करतो, म्हणून दुसरी चाचणी वर सांगितलेली, गोंदाची. दोन्हींत उतरला तर तो टाकणखार. हळदीचं जुन्या पद्धतीचं कुंकू करताना हळदीला लिंबाचा रस आणि टाकणखार लावायचे ते याच रंगबदलासाठी. मुलांना ही चाचणी स्लाइमइतकीच आवडते, असा माझा अनुभव आहे.

आता इतर पर्यायांबद्दल, कारण विचारणारे विचारतातच.

कॅरमची पावडर: पूर्वी बहुतेक ठिकाणी ती बोरिक पावडर असायची, आता तशी असेलच असं नाही. शिवाय बोरिक ॲसिड एकट्यानं नीट काम करत नाही, सोबत खाण्याचा सोडा लागतो आणि प्रमाण जुळवत बसावं लागतं. पूड बारीक, उडते, नाकात जाते. मी सुचवणार नाही.

कॉन्टॅक्ट लेन्सचं पाणी: त्याच्या लेबलवर बोरिक ॲसिड किंवा सोडियम बोरेट लिहिलेलं असेल तरच चालतं, तेही खाण्याच्या सोड्यासोबत. म्हणजे 'बोरॅक्सशिवाय स्लाइम' म्हणून जे दाखवतात त्यातही बोरॉन आहेच, फक्त महाग बाटलीतून आलेलं. घरात कुणी लेन्स वापरत असेल आणि बाटलीची मुदत संपलेली असेल तर वापरा, मुद्दाम आणू नका.

शाम्पू आणि मीठ: थुलथुलीत जेली होते, ताणत नाही. मुलांचा हिरमोड होतो.

4. मांडून ठेवायचं साहित्य

एकदा हात बरबटले की कपाट उघडता येत नाही, म्हणून आधीच सगळं टेबलावर घ्या.

- पांढरा गोंद, 100 ग्रॅम
- टाकणखार, चहाचा 1 सपाट चमचा
- कोमट पाणी, 1 कप (सुमारे 240 मि.ली.), आणि गोंदात घालायला वेगळं साधं पाणी, 3 मोठे चमचे
- खायचा रंग, 2-3 थेंब
- बेबी ऑइल किंवा अंगाला लावायचं लोशन, 1 चमचा
- जुनं प्लास्टिकचं वाडगं, आइस्क्रीमच्या काड्या किंवा जुना चमचा
- झाकणाची डबी
- जुनी वर्तमानपत्रं, ओलं फडकं, व्हिनेगर किंवा लिंबू
- अंगात जुने कपडे, लांब केस बांधलेले

वाडगं आणि चमचा स्वयंपाकाचे नकोत. धुवून परत वापरू, असा विचारही नको. बाजूला काढलेलं एक वाडगं कायमचं स्लाइमचं करून टाका.

चमकी घालायचा हट्ट होतो. ती पुढे महिनाभर घरात, केसांत, ताटात सापडत राहते आणि शेवटी प्लास्टिकच असते. आमच्याकडे बंदी आहे, तुम्ही तुमचं बघा.

5. टाकणखाराचं पाणी (हे मोठ्यांनी करायचं)

मुलांना टेबलावर बोलवायच्या आधीच उरका. कपभर कोमट पाण्यात एक सपाट चमचा पूड घाला आणि पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. तळाशी कण राहिले तर ते स्लाइममध्ये खरखरीत लागतात आणि तेवढ्या जागी गोळा कडक होतो. शंका असेल तर पाणी फडक्यातून गाळून घ्या. थंड होऊ द्या.

हे पाणी दिसायला अगदी साध्या पाण्यासारखं असतं, आणि हाच त्यातला सगळ्यात मोठा धोका. पेल्यात, कपात, पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ते कधीच ठेवू नका, एक मिनिटासाठीसुद्धा. पसरट डबीत ठेवा आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात 'पिऊ नये' लिहा. चुकून कुणी प्यायलं तर उलटी काढायचा प्रयत्न न करता लगेच डॉक्टरांकडे न्या आणि किती, कशाचं पाणी होतं ते सांगा. डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवा.

उरलेली पूड मीठ-साखरेच्या शेल्फवर नको. नाव लिहून, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी.

6. आता मुलांना बोलवा

गोंद वाडग्यात ओता. त्यात तीन मोठे चमचे साधं पाणी घालून एकजीव करा. पाणी जास्त घातलं तर स्लाइम पातळ, ओघळणारा होतो. पाणी जवळजवळ घातलंच नाही तर घट्ट, चिवट. ताणायला मजा यावी असा हवा असेल तर तीन चमचे बरोबर आहेत.

रंग आणि तेल याच टप्प्यावर. रंगाचे दोन-तीनच थेंब; जास्त झाले तर शाळेत रंगीत हात घेऊन जावं लागतं. तेलानं किंवा लोशननं गोळा मऊ राहतो आणि हाताला कमी चिकटतो.

आता टाकणखाराचं पाणी. चहाचा एक चमचा घाला, अर्धा मिनिट ढवळा. मग दुसरा. घाई इथे होते. पहिल्या एक-दोन चमच्यांना काहीच घडत नाहीसं वाटतं, मुलं "अजून, अजून" करतात आणि आपण भस्सकन ओततो. ओतू नका. थोड्या वेळानं गोंदात दोरे दिसायला लागतात, मग गुठळ्या होतात, मग सगळं चमच्याभोवती गोळा व्हायला लागतं. वाडग्याची कड सुटली, पण बोटाला अजून जरासं चिकटतंय, अशी वेळ आली की थांबा. नेमके किती चमचे, हे गोंदानुसार बदलतं, म्हणून आकड्यापेक्षा या खुणेवर विश्वास ठेवा.

तळहाताला बेबी ऑइलचा थेंब लावा आणि गोळा बाहेर काढून मळायला घ्या. सुरुवातीला तो ओलसर, तुटक, अगदी फसल्यासारखा वाटतो. बहुतेक जण इथे परत टाकणखाराचं पाणी घालतात आणि मग गोळा कडक होतो. नुसतं मळत राहा, तीन ते पाच मिनिटं. आतलं पाणी सगळीकडे सारखं मुरतं, चिकटपणा जातो आणि गोळा गुळगुळीत होतो. पाच मिनिटांनंतरही हाताला दोरे सुटत असतील तर, आणि तेव्हाच, टाकणखाराच्या पाण्याचे चार-पाच थेंब आणखी.

7. बिघडलं तर

*फार चिकट:* आधी मळा. मग थेंबाथेंबानं टाकणखाराचं पाणी. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणानं कालचा चांगला स्लाइमही चिकट होतो, त्यालाही हाच उपाय.

*कडक, ओढला की तुटतो:* टाकणखार जास्त झाला. गोळा पाच मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेवा, मग लोशन लावून मळा. नाही सुधारला तर वेगळ्या वाडग्यात थोडा गोंद-पाणी कालवून त्यात हा गोळा मुरवत मळा.

*पाणी वेगळं, गोळा वेगळा:* टाकणखाराचं पाणी एकदम घातलं होतं. गोळा उचला, वाडग्यातलं पाणी टाकून द्या आणि मळा. बहुतेकदा वाचतो.

*काहीच झालं नाही, दूध ते दूधच:* गोंद तरी वेगळा, नाही तर पुडीत टाकणखार नाही. क्रमांक 3 मधल्या चाचण्या करा.

8. "हे असं का होतं?" याचं उत्तर तयार ठेवा

गोंदातले रेणू लांबलचक असतात, शिजवलेल्या शेवयांसारखे एकमेकांवरून घसरणारे. टाकणखार पाण्यात विरघळला की त्यातले बोरेट आयन दोन लांब रेणूंना मधूनमधून धरून ठेवतात. सगळं एकात एक अडकतं आणि ओतता येणाऱ्या गोंदाचा उचलता येणारा गोळा होतो. गंमत अशी की ही पकड कायमची नसते, ती सारखी सुटते आणि पुन्हा लागते. म्हणून हळूहळू ओढलं तर रेणूंना पकड बदलायला वेळ मिळतो आणि स्लाइम लांबच लांब ताणला जातो. झटका दिला तर वेळच मिळत नाही, तो तुटतो. मुलांना दोन्ही करून बघू द्या. मग गोळा ताटलीत ठेवून द्या. थोड्या वेळानं तो स्वतःच पसरून चपटा झालेला दिसेल.

मोठ्या मुलांना एवढंही सांगता येईल: अमेरिकेत मॅटेल कंपनीनं 1976 मध्ये हिरवा स्लाइम विकायला काढला, तो गोंदाचा नव्हता, ग्वार गम आणि टाकणखाराचा होता. ग्वार गम येतो आपल्या गवारीच्या बियांपासून. आणि टप्पे खाणारी, 'सिली पुट्टी' नावानं 1950 पासून प्लास्टिकच्या अंड्यांत विकली जाणारी वस्तू सिलिकॉन तेल आणि बोरिक ॲसिडची असते. ती घरी होत नाही. आपला स्लाइम जमिनीवर आपटून टप्पा खात नाही म्हणून कुणी रुसलं तर हे कारण सांगा.

9. धाकट्यांसाठी इसबगोलाचा

मोठं भावंड खेळत असताना तीन-चार वर्षांचं मूल नुसतं बघत बसणार नाही. त्याच्यासाठी लहान पातेल्यात एक कप पाणी आणि एक चमचा इसबगोल घ्या. मंद आचेवर सतत ढवळत उकळा. काही मिनिटांत ते दाट, बुळबुळीत होतं आणि पातेल्याची कड सोडायला लागतं. उतू जातं, म्हणून लक्ष ठेवा. रंग हवा असेल तर थेंबभर. पूर्ण गार होईपर्यंत मुलाला देऊ नका. वरून गार वाटतं पण आत चटका बसण्याइतकं गरम असतं.

हा गोंदाच्या स्लाइमइतका लांब ताणत नाही, पण थुलथुलतो, बोटांतून ओघळतो, आणि त्यात गोंद किंवा टाकणखार नाही. तरी तो खाऊ म्हणून द्यायचा नाही: इसबगोल फुगतो आणि मोठा घास घशात अडकू शकतो. त्या दिवसापुरता खेळा आणि टाकून द्या, त्याला लवकर वास येतो.

10. डाग, केस आणि फरशी

कपड्यावर लागला तर आधी चमच्यानं खरवडा, मग त्या जागी व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पाच-दहा मिनिटं ठेवा. आम्लामुळे बोरेटची पकड सुटते, स्लाइम पुन्हा पातळ गोंद होतो आणि कोमट पाण्यानं निघून जातो. गरम पाण्यात आणि मशीनमध्ये त्याआधी टाकू नका.

केसांत अडकला तर खोबरेल तेल चोळून हळूहळू ओढून काढा, घाईनं कात्री नको. व्हिनेगर डोळ्यांजवळ वापरू नका.

संगमरवर आणि शहाबादी फरशीवर मात्र लिंबू-व्हिनेगर अजिबात नको. दोन्ही दगड चुनखडीच्या जातीचे, आम्लानं त्यांची झिलई जाते आणि पांढरट चट्टा कायमचा राहतो. तिथे स्लाइम वाळू द्या, प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा आणि साबणाच्या पाण्यानं पुसा. गालिचा आणि सोफा यांवर स्लाइम न्यायचाच नाही, हा नियम आधी सांगून ठेवलेला बरा.

11. ठेवणं आणि टाकून देणं

हवाबंद डबीत, सावलीत. आठवडा-दोन आठवडे चांगला राहतो, एप्रिल-मेच्या उन्हात उघडा राहिला तर दुसऱ्याच दिवशी वरून कडक होतो. फ्रिजमध्ये ठेवू नका. पाहुण्याला तो जेलीचा डबा वाटेल. वास आला, काळे ठिपके दिसले किंवा माती-केसांनी मळला की टाकायचा, रडारड झाली तरी.

टाकताना बेसिन किंवा कमोडमध्ये कधीच नाही, पाइप तुंबतो. वर्तमानपत्रात गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्या. टाकणखाराचं उरलेलं पाणी भरपूर पाण्यासोबत मोरीत ओता, झाडांना घालू नका. बोरॉन झाडांना अगदी कणभर लागतो, त्याहून जास्त झाला की पानांच्या कडा करपतात.